विश्लेषण : ॲपची बटणे नेमके कोण रंगवते? ओपनजीएलच्या उतरणीमुळे टूलकिटपुढे कोणता पेच?

मोबाइलवर पैसे पाठवताना दिसणारे बटण असो, नकाशावर सरकणारा रस्ता असो की संगणकावर फिरवून पाहिलेले एखाद्या यंत्रभागाचे त्रिमितीय चित्र, पडद्यावरचा प्रत्येक ठिपका कोणीतरी रंगवत असते. गेली तीन दशके या रंगकामात ‘ओपनजीएल’ या मानकाचा मोठा वाटा होता. २०१८ मध्ये ॲपलने हे मानक आपल्या प्रणालींपुरते मोडीत काढले. मार्च २०२५ मध्ये गुगलने ‘व्हल्कन’ हेच यापुढे अँड्रॉइडचे अधिकृत ग्राफिक्स माध्यम असेल, असे जाहीर केले. सामान्य वापरकर्त्याला यातले काहीही जाणवलेले नाही. मात्र ज्यांच्या आधारावर हजारो ॲप उभी राहतात, त्या ‘टूलकिट’ना चालत्या इमारतीचा पाया बदलावा लागतो आहे. हा बदल का होतो आहे, त्याची किंमत कोण मोजतो आणि देवनागरीत वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांचा त्याच्याशी काय संबंध, याचा हा वेध.

ग्राफिक्स मानक आणि टूलकिट यांत फरक काय?

संगणकातील चित्रे काढण्याचे काम मुख्यतः जीपीयू म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसर करतो. एनव्हिडिया, एएमडी, इंटेल, क्वालकॉम, ॲपल असे अनेक जण जीपीयू बनवतात आणि प्रत्येकाची अंतर्गत रचना वेगळी असते. प्रत्येक जीपीयूसाठी वेगळा प्रोग्राम लिहावा लागू नये म्हणून एक सामाईक भाषा ठरवली जाते. तिलाच ग्राफिक्स मानक म्हणतात. ओपनजीएल, व्हल्कन, मायक्रोसॉफ्टचे डायरेक्ट३डी आणि ॲपलचे मेटल ही त्याची उदाहरणे. यातील पहिली दोन ‘क्रोनोस ग्रुप’ या उद्योगसंघाच्या देखरेखीखालील खुली मानके आहेत. उरलेली दोन त्या त्या कंपनीच्या मालकीची आहेत.

या मानकांचे जग फार छोटे असते. त्यांना त्रिकोण कळतो, रंग कळतो, त्रिकोणावर चिकटवायचे चित्र कळते. बटण म्हणजे काय, मेन्यू कसा उघडतो, मजकुराची ओळ कुठे तोडायची, कळफलकावरची कळ कोणत्या चौकटीसाठी दाबली गेली, यातले त्यांना काहीच कळत नाही. ते काम टूलकिटचे. क्यूट, जीटीके, विंडोजवरील डब्ल्यूपीएफ, मोबाइलवरील फ्लटर ही टूलकिटची परिचित नावे. ॲप बनवणारा ‘येथे बटण, तेथे यादी’ एवढेच सांगतो. ते बटण दिसेल कसे, दाबल्यावर काय होईल आणि अंध व्यक्तीच्या वाचक-सॉफ्टवेअरला त्याची ओळख कशी सांगायची, हे टूलकिट पाहते.

थोडक्यात, एकाला रंगवता येते पण वापरणारा माणूस कळत नाही. दुसऱ्याला माणूस कळतो पण वेगाने रंगवण्यासाठी पहिल्याची मदत लागते. त्यामुळे या दोघांची सांगड अटळ आहे. ती कशी घालायची, हा प्रश्न मात्र चाळीस वर्षे जुना आहे.

हे दोघे सुरुवातीपासून वेगळेच होते का?

नाही. १९८५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरलेल्या ‘जीकेएस’ या द्विमितीय ग्राफिक्स प्रणालीत चित्र काढण्याबरोबरच माणसाकडून माहिती घेण्याचीही सोय होती. पडद्यावरची जागा दाखवणे, रेघ ओढणे, पर्याय निवडणे, आकडा देणे, चित्रातली वस्तू उचलणे आणि मजकूर लिहिणे अशी सहा प्रकारची ‘तार्किक साधने’ त्या मानकातच होती. १९८९ मध्ये मानक ठरलेल्या ‘फिग्ज’ने हीच कल्पना त्रिमितीत नेली. पण तोवर एमआयटीमध्ये १९८४ साली सुरू झालेली ‘एक्स विंडो’ प्रणाली युनिक्सच्या जगात पसरली होती. एकाच पडद्यावर अनेक प्रोग्रामच्या अनेक विंडो आल्या, तेव्हा माऊस आणि कळफलक कोणाच्या ताब्यात, हे ग्राफिक्स मानकाने ठरवणे शक्य राहिले नाही.

सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीच्या ‘आयरिस जीएल’मध्येही विंडो उघडण्याचे आणि माऊस-कळफलक हाताळण्याचे आदेश होते. १९९२ मध्ये त्यातूनच ओपनजीएल घडवताना कंपनीने हा सगळा भाग काढून टाकला. ओपनजीएल फक्त चित्र काढेल. विंडोशी जोडणी कशी करायची ते प्रत्येक प्रणालीने आपापले पाहावे, असे ठरले. म्हणून एक्स विंडोसाठी ‘जीएलएक्स’, विंडोजसाठी ‘डब्ल्यूजीएल’ आणि पुढे मोबाइलसाठी ‘ईजीएल’ असे वेगवेगळे सांधे तयार झाले.

हा निर्णय शहाणपणाचा ठरला. विंडोच्या भानगडीतून मोकळे झाल्यामुळेच ओपनजीएल महागड्या वर्कस्टेशनपासून खिशातल्या फोनपर्यंत सगळीकडे पोहोचू शकले. मात्र सांधा जोडण्याची जबाबदारी त्या दिवसापासून टूलकिटच्या गळ्यात पडली.

सांगड घालताना नेमके अडते कुठे?

पहिला अडथळा जागेचा. समजा, अभियंत्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मधोमध पुलाचे त्रिमितीय चित्र आहे आणि भोवती बटणे, याद्या, मेन्यू आहेत. चित्र ओपनजीएल काढते, बटणे टूलकिट काढते. वरचा मेन्यू उघडला आणि तो चित्रावर आला, तर वर कोण दिसणार? जुन्या पद्धतीत त्रिमितीय भागाला प्रणालीकडून स्वतंत्र विंडो दिली जाई. मग त्यावर अर्धपारदर्शक पट्टी ठेवता येत नसे, विंडोचा आकार बदलताना चित्र लुकलुके आणि कधी मेन्यूच चित्राच्या मागे दडे. मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूपीएफमध्ये या समस्येला ‘एअरस्पेस’ असे नावच पडले. नियम असा की विंडोतील एक ठिपका एका वेळी एकाच तंत्राच्या मालकीचा असतो. एकाच आकाशात दोन विमानतळांचे नियंत्रण चालत नाही, तसेच हे.

यावर उपाय म्हणजे त्रिमितीय चित्र थेट पडद्यावर न काढता आधी स्मृतीतल्या एका कोऱ्या पाटीवर काढायचे आणि मग टूलकिटने ती पाटी बाकीच्या बटणांबरोबर एकत्र मांडायची. २०१४ च्या अखेरीस आलेल्या क्यूट ५.४ मधील ‘क्यूओपनजीएलविजेट’ हेच करते. जीटीकेने २०१५ मध्ये ३.१६ या आवृत्तीत ‘जीटीकेजीएलएरिया’ आणून तीच वाट धरली. पारदर्शकता, सरकते परिणाम, वर येणारे मेन्यू हे सगळे त्यामुळे सुरळीत झाले. किंमत एवढीच की प्रत्येक चौकट आधी एकीकडे काढायची आणि मग दुसरीकडे उतरवायची. साध्या कामात ते जाणवत नाही. पण मोठ्या पडद्यावर सेकंदाला साठ चौकटी दाखवायच्या असतील तर ते अंगावर येते.

दुसरा अडथळा ओपनजीएलच्या स्वभावातला. ते एक मोठे ‘अवस्थायंत्र’ आहे. एकदा ‘पारदर्शकता चालू’ असे सांगितले की बंद करेपर्यंत ती चालूच राहते. टूलकिट आणि ॲप एकाच संदर्भात आळीपाळीने चित्र काढत असतील आणि एकाने जाताना दिवा मालवला नाही, तर दुसऱ्याचे चित्र बिघडते. चूक एकाची, दोष दिसतो दुसऱ्याच्या खोलीत. अशा चुका शोधण्यात प्रोग्रामरांचे दिवसचे दिवस जातात.

तिसरा अडथळा वेळेचा. टूलकिट घटनांची वाट पाहते. कोणी माऊस हलवला, कळ दाबली की त्यापुरते चित्र बदलते. खेळ किंवा त्रिमितीय प्रतिकृती मात्र अखंड चित्रे काढत असते. एकाची चाल थांबत-थांबत, दुसऱ्याची न थांबता. दोघांना एकाच तालावर आणताना कुणा एकाला वाट पाहावी लागते. त्या वाट पाहण्यालाच वापरणारा ‘ॲप हँग होते’ असे म्हणतो.

मग टूलकिटनी स्वतःच जीपीयू का वापरला नाही?

वापरला. २००२ मध्ये ॲपलने मॅक ओएस १०.२ मध्ये ‘क्वार्ट्झ एक्स्ट्रीम’ आणले आणि विंडो एकमेकींवर रचण्याचे काम ओपनजीएलमार्फत जीपीयूकडे दिले. मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूपीएफने २००६ मध्ये बटणे आणि अक्षरेही डायरेक्ट३डीने काढायला सुरुवात केली. अँड्रॉइडने २०११ मध्ये ३.० आवृत्तीत पडद्यावरचे द्विमितीय चित्रण जीपीयूकडे वळवण्याची सोय दिली. डिसेंबर २०१२ मध्ये आलेल्या क्यूट ५ मधील ‘क्यूट क्विक’ तर ओपनजीएलशिवाय चालतच नसे.

म्हणजे २०१० नंतर नाते उलटले. आधी ग्राफिक्स मानक टूलकिटच्या घरात पाहुणे होते. आता घराच्या भिंतीच त्याच्या झाल्या. एखादी यादी बोटाबरोबर सफाईने सरकते, ती यामुळेच. पण भिंती ज्या विटांच्या, त्या विटा बनवणे बंद होणार म्हटल्यावर प्रश्न फक्त खेळांचा किंवा अभियंत्यांच्या सॉफ्टवेअरचा उरत नाही. साधे बटणही त्यात येते.

ओपनजीएल मागे का पडले?

१९९२ मधील जीपीयू आणि आजचा जीपीयू यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ओपनजीएलच्या रचनेत एका वेळी एकच थ्रेड आदेश देतो, हे गृहीत आहे. आज फोनमध्येही आठ-आठ गाभ्यांचे प्रोसेसर असतात. शिवाय ओपनजीएलमध्ये बरीच कामे ड्रायव्हर पडद्याआड करतो. स्मृती कुठे ठेवायची, काय कधी पाठवायचे, शेडर म्हणजे जीपीयूवर चालणारे छोटे प्रोग्राम कधी भाषांतरित करायचे, हे सगळे त्याच्या अंदाजावर. अंदाज चुकला की चित्र अडखळते. ॲप बनवणाऱ्याच्या हाती त्यावर उपाय नसतो.

म्हणून नव्या मानकांची पिढी आली. ॲपलने जून २०१४ मध्ये आयफोनसाठी मेटल जाहीर केले आणि पुढच्या वर्षी ते मॅकवर आणले. मायक्रोसॉफ्टचे डायरेक्ट३डी १२ हे २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर आले. एएमडीच्या ‘मँटल’ या तंत्राचा आधार घेऊन क्रोनोसने १६ फेब्रुवारी २०१६ रोजी व्हल्कन १.० प्रसिद्ध केले. तिन्हींचे तत्त्व एकच : ड्रायव्हरने अंदाज बांधायचा नाही, प्रोग्रामरने सगळे स्पष्ट सांगायचे. यामुळे वेग आणि खात्री मिळाली, पण कष्ट वाढले. जुन्या ओपनजीएलमध्ये एक त्रिकोण काढायला दहा-बारा ओळी पुरत. व्हल्कनमध्ये त्यासाठी शेकडो ओळी लिहाव्या लागतात.

ओपनजीएलची शेवटची आवृत्ती ४.६ ही जुलै २०१७ मध्ये आली. पुढच्याच वर्षी ॲपलने ओपनजीएल ‘कालबाह्य’ असल्याचे जाहीर केले. मॅकवर ते आजही चालते, पण २०१० मधील ४.१ या आवृत्तीपुढे ते कधी गेलेच नाही. व्हल्कनला ॲपलने थेट आधारही दिला नाही. तेथे ते ‘मोल्टनव्हीके’ या भाषांतर करणाऱ्या थरातून मेटलवर चालवावे लागते. परिणामी, एकच मानक सगळीकडे चालेल ही ओपनजीएलच्या काळातील खात्री संपली. आता मॅकवर मेटल, विंडोजवर डायरेक्ट३डी आणि लिनक्स-अँड्रॉइडवर व्हल्कन अशी तीन संस्थाने झाली आहेत.

टूलकिटनी यावर काय मार्ग काढला?

बहुतेकांनी मधे स्वतःचा एक थर घातला. क्यूटने २०१९ मध्ये ५.१४ आवृत्तीत ‘आरएचआय’ नावाचा असा थर प्रायोगिक स्वरूपात आणला आणि डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या क्यूट ६ मध्ये ‘क्यूट क्विक’ त्यावर उभे केले. टूलकिट या थराशी बोलते. थर विंडोजवर डायरेक्ट३डी ११, मॅकवर मेटल आणि अन्यत्र ओपनजीएल किंवा व्हल्कन यांच्याशी बोलतो. शेडर एकाच बोलीत लिहायचे, आधीच ‘स्पर-व्ही’ या मधल्या रूपात आणायचे आणि त्यातून प्रत्येक संस्थानाच्या बोलीत उतरवायचे, अशी व्यवस्था आहे. एप्रिल २०२४ मधील क्यूट ६.७ ने ‘क्यूआरएचआयविजेट’ देऊन ॲप बनवणाऱ्यांनाही या थराचा वापर करून आपले चित्र बटणांच्या शेजारी मांडण्याची सोय दिली.

तरी जुना ‘एअरस्पेस’ पूर्ण गेलेला नाही. क्यूटच्या एकाच मुख्य विंडोत एक भाग ओपनजीएलने आणि दुसरा मेटलने काढून एकत्र मांडता येत नाही. त्या विंडोपुरते एकच माध्यम निवडावे लागते. जुना ओपनजीएल भाग सांभाळत सांभाळत नव्याकडे जाऊ पाहणाऱ्यांची येथे कोंडी होते.

जीटीकेने वेगळी वाट धरली. मार्च २०२४ मधील ४.१४ आवृत्तीत त्याने ओपनजीएल आणि व्हल्कन या दोन्हींसाठी एकाच साच्यातून घडवलेली नवी चित्रणयंत्रणा आणली. त्याच वर्षी सप्टेंबरमधील ४.१६ मध्ये लिनक्सच्या ‘वेलँड’ या नव्या विंडोप्रणालीवर व्हल्कन हा पहिला पर्याय केला.

फ्लटरची गोष्ट भारतीय वाचकाला अधिक जवळची आहे. ‘गुगल पे’सारखे ॲप फ्लटरमध्ये लिहिलेले आहे. फ्लटर फोनमधली तयार बटणे वापरत नाही. प्रत्येक बटण स्वतः रंगवते. आधी त्यासाठी ‘स्किया’ हे ग्रंथालय होते. त्यात एखादा परिणाम पहिल्यांदा दिसताना त्याचे शेडर त्याच क्षणी भाषांतरित होई आणि ॲप पहिल्याच सरकण्याला अडखळे. दुसऱ्यांदा तेच सफाईने होई. ही तक्रार वर्षानुवर्षे होती. उपाय म्हणून ‘इम्पेलर’ हे नवे इंजिन लिहिले गेले. ते सगळे शेडर ॲप चालण्याआधीच तयार करून ठेवते. आयफोनवर ते मे २०२३ मधील फ्लटर ३.१० पासून मेटलवर आणि अँड्रॉइडवर डिसेंबर २०२४ मधील ३.२७ पासून व्हल्कनवर मूळ पर्याय झाले. ज्या फोनमध्ये व्हल्कन पुरेसे विश्वासार्ह नाही, तेथे आजही ओपनजीएलचाच आधार घ्यावा लागतो. भारतात तीन-चार वर्षे जुने आणि स्वस्त फोन मोठ्या संख्येने वापरात असतात. त्यामुळे येथे ही जुनी वाट लवकर बंद करणे कोणत्याही टूलकिटला परवडणारे नाही.

ज्यांच्याकडे तयार टूलकिट नाही, त्यांचे काय?

‘ब्लेंडर’ हे त्रिमितीय चित्रणाचे मुक्त सॉफ्टवेअर याचे चांगले उदाहरण आहे. त्याची सारी बटणे, मेन्यू, पट्ट्या ते स्वतःच काढते आणि त्या अनेक वर्षे ओपनजीएलनेच काढल्या जात. त्यामुळे एअरस्पेसचा प्रश्न त्याला कधी आला नाही. पण पाया बदलायची वेळ आली तेव्हा त्रिमितीय दृश्यापासून ‘फाइल’ मेन्यूपर्यंत सगळेच हलवावे लागले. मार्च २०२३ मधील ३.५ मध्ये मॅकवर मेटल आले, नोव्हेंबर २०२३ मधील ४.० मध्ये मॅकवरचे ओपनजीएल काढून टाकले गेले आणि जुलै २०२५ मधील ४.५ मध्ये व्हल्कनला अधिकृत दर्जा मिळाला. ॲपलच्या घोषणेपासून मोजले तर सात वर्षे. तेही जगभरातून निधी आणि स्वयंसेवक मिळणाऱ्या प्रकल्पाला.

छोट्या प्रकल्पांची अवस्था यावरून ओळखता येते. विद्यापीठांतील संशोधकांनी लिहिलेली रेणूंची, भूकंपलहरींची, वैद्यकीय प्रतिमांची कितीतरी सॉफ्टवेअर एक-दोन माणसांच्या बळावर चालतात. त्यांचे त्रिमितीय चित्रण ओपनजीएलमध्ये आहे आणि ते नव्याने लिहायला कोणी पैसे देत नाही. भारतातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत संगणक ग्राफिक्सची प्रात्यक्षिके अजूनही ओपनजीएल आणि ‘ग्लट’ या जुन्या साहाय्यक ग्रंथालयावर होतात. शिकण्यासाठी ते वाईट नाही. त्रिकोण, फिरवणे, प्रकाश या कल्पना तेथे लवकर कळतात. पण पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला नोकरीत समोर येणारे जग वेगळे असते.

देवनागरीचा येथे काय संबंध?

टूलकिट टाळून सगळे थेट जीपीयूवर रंगवण्याचा मोह वाढतो आहे. खेळ, आलेखन करणारी साधने, काही नवे संपादक असेच बनतात. वेग मिळतो, दिसणे आपल्या मनासारखे ठेवता येते. परंतु ग्राफिक्स मानकाला अक्षर माहीत नसते, हे येथे आडवे येते. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक चित्र. ती एकापुढे एक ठेवली की शब्द झाला. देवनागरीत तसे नाही. ‘कि’ लिहिताना साठवणीत आधी ‘क’ असतो आणि नंतर ऱ्हस्व वेलांटी. दिसायला मात्र वेलांटी आधी हवी. ‘सूर्य’मधला रफार डोक्यावर जातो, ‘क्षत्रिय’मधली जोडाक्षरे नवे रूप घेतात. हे काम करणारे ‘हार्फबझ’ नावाचे मुक्त ग्रंथालय क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, क्यूट आणि जीटीके या सगळ्यांच्या पोटात आहे. टूलकिट वापरले की ते न मागता मिळते. टूलकिट सोडले की ते मुद्दाम जोडावे लागते आणि अनेकदा ते जोडलेच जात नाही.

‘गोडो’ या खेळ बनवण्याच्या मुक्त इंजिनात २०२३ मधील ४.० आवृत्तीपर्यंत अशा लिप्यांची अंगभूत सोय नव्हती. प्रोग्रामरांमध्ये लोकप्रिय असलेल्या ‘डिअर इमगुई’ या छोट्या टूलकिटमध्ये अक्षरे जुळवण्याची ही यंत्रणा मूळ स्वरूपात नाही. परिणाम आपल्या परिचयाचा : वेलांटी भलत्याच अक्षरावर, पाय मोडलेली जोडाक्षरे. मराठीत खेळ किंवा शैक्षणिक साधन बनवणाऱ्याने माध्यम निवडताना वेगाच्या आधी ही गोष्ट तपासायला हवी.

अंध वापरकर्त्यांचे तर अधिक अडते. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या ‘टॉकबॅक’सारख्या सॉफ्टवेअरला ठिपके दिसत नाहीत, ‘हे बटण आहे, त्यावर पाठवा असे लिहिले आहे’ अशी वेगळी माहिती लागते. स्वतः बटणे रंगवणारे फ्लटर त्यासाठी अर्थाची एक समांतर रचना तयार करते. गोडोने वाचक-सॉफ्टवेअरसाठी आधार २०२५ मधील ४.५ मध्ये, ‘ॲक्सेसकिट’ या ग्रंथालयाच्या मदतीने दिला. जेथे अशी रचनाच नाही, तेथे सुंदर दिसणारे ॲप अंध व्यक्तीसाठी कोरी पाटी ठरते. बँक, रेल्वे, सरकारी योजना यांचे व्यवहार ॲपवर आले असताना ही केवळ सोयीची बाब उरत नाही, ती हक्काची होते.

पुन्हा एकच मानक येणे शक्य आहे का?

आशा ‘वेबजीपीयू’कडून आहे. जागतिक वेब संघाच्या छत्राखाली ॲपल, गुगल, मोझिला आणि मायक्रोसॉफ्ट एकत्र बसून ते घडवत आहेत. मेटल, डायरेक्ट३डी १२ आणि व्हल्कन या तिन्हींवर चालेल अशी त्याची रचना आहे. क्रोममध्ये ते २०२३ मध्ये आले. २०२५ मध्ये सफारी आणि फायरफॉक्सनेही त्याचा स्वीकार सुरू केला. नाव वेबचे असले तरी ब्राउझरबाहेरही ते वापरता येते. ‘रस्ट’ या भाषेतील ‘आइस्ड’ हे टूलकिट त्याच पद्धतीच्या ग्रंथालयावर उभे आहे.

मात्र यात एक गंमत आहे. मॅकवर व्हल्कन चालवायला मोल्टनव्हीके, व्हल्कनवर ओपनजीएल चालवायला ‘झिंक’, विंडोजवर ओपनजीएल ईएसची ॲप डायरेक्ट३डीवर चालवायला ‘अँगल’. तोच अँगल आता अँड्रॉइडवर जुन्या ॲपना व्हल्कनकडे नेणार आहे. मानकांमधील भांडण मिटवायला जे दुभाषे आले, त्यांचीच आता एक व्यवस्था झाली आहे. ओपनजीएल जीपीयूशी बोलण्याची भाषा म्हणून मागे पडेल, पण जुनी ॲप ज्या भाषेत लिहिली आहेत ती भाषा म्हणून अशा थरांच्या आधारे आणखी बरीच वर्षे जगेल. एकदा लाखो प्रोग्राम एखाद्या मानकावर लिहिले गेले की ते बंद करणे कोणाच्याच हाती राहत नाही.

ॲप बनवणाऱ्यांसाठी याचा अर्थ काय?

ज्यांचे काम मुख्यतः बटणे, याद्या आणि मजकूर एवढेच आहे, त्यांनी थेट ग्राफिक्स मानकाच्या वाटेला न जाणे उत्तम. टूलकिटची नवी आवृत्ती घेत राहिली की पाया आपोआप बदलतो. ज्यांना त्रिमितीय चित्र लागते, त्यांनी ते काम ओपनजीएलच्या आदेशांत थेट न विखुरता एका मधल्या थरामागे ठेवावे, मग तो थर टूलकिटने दिलेला असो वा वेबजीपीयूचा. आणि कोणतेही माध्यम निवडले तरी दोन परीक्षा आधी घ्याव्यात : ‘क्षत्रिय’ नीट उमटतो का आणि डोळे मिटून, वाचक-सॉफ्टवेअरच्या आधाराने ॲप वापरता येते का. सरकारी विभाग ॲपचे कंत्राट देताना निविदेत वेग आणि सुरक्षेच्या अटी घालतात. या दोन परीक्षाही त्या यादीत घालायला हरकत नसावी. पुढील काही वर्षांत अनेक ॲपचा पाया बदलला जाणार आहे. भिंती नव्याने उभ्या राहत असताना दार कोणासाठी आणि किती रुंद ठेवायचे, हे तेव्हाच ठरवणे स्वस्त पडते. नंतर भिंत फोडून दार काढणे महाग असते.